पहिला गेमिंग पीसी: कोटेशन हातात घेण्याआधी

‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट.’ अशी जाहिरात रोज कुठे ना कुठे दिसते आणि भाव ऐकून घरातली मोठी माणसंही लगेच हो म्हणतात. पण या ओळीत कामाची माहिती जवळजवळ नाहीच. आय-सेव्हन कोणत्या पिढीचा? अशा स्वस्त मशिनांत तो बऱ्याचदा २६०० किंवा ३७७० निघतो, म्हणजे २०११-१२ सालचा, कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला. मदरबोर्ड त्याच काळच्या एच६१ चिपसेटचा, नव्या खोक्यात घातलेला. ग्राफिक कार्ड म्हणजे २०१४ सालचं जीटी ७३०. त्यावर ४ जीबी मेमरी असली तरी ती बहुधा संथ डीडीआर३ असते. त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिकसुद्धा जास्त पळतं. शिवाय इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

प्रोसेसरचा ‘आय-किती’, कार्डाचे जीबी आणि एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डबीवर) छापलेले वॉट हे तीन आकडे दुकानात सगळ्यात मोठ्यांदा सांगितले जातात आणि तेच सगळ्यात कमी सांगतात. प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेला नसेल तर ते कोटेशन घरी आणण्याच्या लायकीचं नाही. ‘१६ जीबी रॅम’ हे कोटेशन नव्हे. ‘८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४, ३२००, सीएल१६, अमुक कंपनी, अमुक मॉडेल’ हे कोटेशन. (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा वेग, सीएल हा उत्तर द्यायला लागणारा उशीर.)

आधी पडदा, मग कार्ड

खर्चाचा हिशेब मॉनिटरपासून मांडायचा. कार्डाला किती ठिपके रंगवायचे आहेत ते मॉनिटर ठरवतो. पहिल्या पीसीसाठी १९२० बाय १०८०चा २४ इंची आयपीएस (रंग नीट दाखवणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर, १०० हर्ट्झ (सेकंदाला इतक्या वेळा नवं चित्र) किंवा त्याहून जास्त, हे बजेटात बसणारं ठिकाण आहे. २५६० बाय १४४०चा पडदा घेतलात की त्याच कार्डाला जवळपास पावणेदोनपट काम पडतं, आणि हॉलमधल्या ४के टीव्हीवर पूर्ण रिझोल्यूशनला खेळायचं म्हटलं तर चौपट. घरात जुना मॉनिटर पडला असेल तर त्याची पाठ बघून घ्या. फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल तर आजच्या कार्डाला तो थेट लागत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्त कन्व्हर्टर मध्येच चित्र घालवतो.

मग तुम्ही काय खेळणार ते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांत चित्र साधं, पण सेकंदाला फ्रेम खूप हव्यात. तिथे भार प्रोसेसरवर येतो आणि मध्यम कार्डही पुरतं. सायबरपंक २०७७सारख्या मोठ्या खेळात उलटं आहे, तिथे कार्डच घाम गाळतं. दोन्ही खेळायचं असेल, आणि बहुतेकांना तेच हवं असतं, तर कार्डाकडे झुकतं माप द्या.

पैशांची वाटणी कशी करायची? कॅबिनेटच्या आतल्या सामानाला ७० हजार रुपये धरले तर कार्डाला २५-२६ हजार, प्रोसेसरला १० ते ११, मदरबोर्डला ८, रॅमला १०, एसएसडीला (विंडोज आणि खेळ साठवणाऱ्या ड्राइव्हला) ७, एसएमपीएसला साडेचार आणि कॅबिनेटला साडेतीन हजार. हे दुकानातले भाव समजू नका, प्रत्येक भागाला घातलेली मर्यादा समजा. भाव आठवड्याला हलतात. विशेषतः २०२५च्या अखेरीपासून रॅमने जी उडी मारली आहे, तिने जुने सगळे अंदाज मोडीत काढले. त्याआधीचे व्हिडिओ आणि याद्या बघून बजेट ठरवलं असेल तर रॅम आणि एसएसडीचे आकडे खोडून नव्याने विचारा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स या सत्तर हजारांत नाही. ते विसरल्यामुळेच ऐन वेळी कार्डाला कात्री लागते.

कार्ड निवडताना

१०८० पडद्यासाठी किमान ८ जीबी मेमरीचं कार्ड घ्या. ४ जीबीवर आजचे मोठे खेळ टेक्श्चर (भिंती, कपडे, जमीन यांवरचं बारीक चित्र) कमी केल्याशिवाय चालत नाहीत. मेमरी भरली की खेळ दर काही सेकंदांनी अडखळतो आणि लोकांना वाटतं रॅम कमी पडली.

रेडिऑन आरएक्स ६६०० हे २०२१चं कार्ड या गटात अजूनही मापदंड धरायला बरं आहे: ८ जीबी, १३२ वॉट, एकच ८ पिनची वायर, मध्यम एसएमपीएसवर निवांत चालणारं. समोर ठेवलेलं दुसरं कोणतंही कार्ड त्याच्याशी ताडून बघा. तेवढ्याच पैशांत कोणी जीफोर्स आरटीएक्स ३०५० देत असेल तर नुसत्या वेगाच्या हिशेबात तो तोट्याचा सौदा आहे. त्यातही ३०५०ची ६ जीबी आणि ८ जीबी ही दोन वेगळी कार्डं आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ६ जीबीवाल्यात फक्त मेमरी कमी नाही, तर कोअरही, म्हणजे काम करणारे घटकही, कमी (२३०४, मोठ्यात २५६०) आणि मेमरीची वाटही अरुंद (९६ बिट, मोठ्यात १२८). ते ७० वॉटमध्ये चालतं आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. म्हणून जुन्या ऑफिस मशीनमध्ये बसवायला ते उत्तम. नव्या पीसीसाठी नाही.

थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६० (११५ वॉट) किंवा आरटीएक्स ५०६० (१४५ वॉट), दोन्ही ८ जीबी. डीएलएसएस ही एनव्हिडियाची चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची युक्ती यांवर चालते, आणि स्वस्त कार्डाचं आयुष्य त्याने खरंच वाढतं. एएमडीकडे आरएक्स ९०६० एक्सटी आहे. ते घ्यायचं तर १६ जीबीचं घ्या, चार-पाच वर्षं वापरणार असाल तर फरकाचे पैसे वसूल होतात.

इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहात पाडतं: १२ जीबी, १९० वॉट. पण त्याची एक अट आहे. मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा) हा पर्याय असला पाहिजे आणि तो चालू केला पाहिजे, नाहीतर वेग धाडकन पडतो. आणि जुन्या किंवा कमजोर प्रोसेसरबरोबर ते पूर्ण ताकदीने पळत नाही. नव्या ६ कोअर प्रोसेसरबरोबर घ्या, जुन्या मशीनला ठिगळ म्हणून घेऊ नका.

एक सापळा अजून. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ पीसीआयई लेनवर (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या पट्ट्यांवर) बोलतं. पीसीआयई ४.०च्या बोर्डवर ते कसंबसं चालून जातं, ३.०च्या बोर्डवर रस्ता निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की कार्ड गुडघे टेकतं.

सेकंडहँड कार्डाबद्दल. ‘आरएक्स ५८० ८ जीबी, नवीन, सीलबंद’ असं जे स्वस्तात दिसतं ते पुष्कळदा २०४८एसपी प्रकारचं असतं. मूळ ५८०मध्ये २३०४ कोअर होते, यात २०४८. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर हा आकडा दाखवतं, म्हणून विकणाऱ्याच्या घरी कार्ड चालू मशीनमध्येच बघा. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) १५-२० मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा चमकत्या रेषा आल्या तर मेमरी गेलेली आहे. ‘ड्रायव्हर टाकला की जाईल’ यावर विश्वास ठेवायचा नाही. पंखे हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंग संपलं आहे. स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर आणि मूळ बिल मागा.

एसएमपीएस: इथे काटकसर नको

कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॉट लिहिलेलं असतं. डबी उलटी करून त्यावरचं कोष्टक वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि त्याला १२ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट झाले. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, तेव्हा तुमच्या हातातला एसएमपीएस गेमिंगच्या दृष्टीने ५०० नव्हे, २१६ वॉटचा आहे. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४३-४५ अँपिअर दिसतात.

गरज किती? आरएक्स ६६०० १३२ वॉट, रायझन ५ ५६०० भरात असताना सुमारे ८०, बाकी बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे ५० ते ६०. एकूण २७० वॉटच्या आसपास. मग ५५० कशाला? कारण कार्ड क्षणभरासाठी आपल्या मापाच्या बरंच वर उसळी घेतं, आणि एसएमपीएस अर्ध्या भारावर थंड, शांत आणि काटकसरीने चालतो. १५० वॉटपर्यंतच्या कार्डाला ५५०, १९०-२००च्या कार्डाला ६५०. यापुढे जायची पहिल्या पीसीत गरज नाही.

८० प्लस ब्राँझ या शिक्क्याचा अर्थ फक्त वीज किती वाया जाते एवढाच आहे. आतल्या मालाचा दर्जा त्यातून कळत नाही. तरी खालची पायरी म्हणून ब्राँझ धरा आणि ५ वर्षांची वॉरंटी असलेलं मॉडेल शोधा. वाईट मालावर कंपनी पाच वर्षं हमी देत नाही. कार्डासाठी ६+२ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी. वायर नाही म्हणून कोणी साटा कनेक्टरवरून (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या चपट्या वायरवरून) ८ पिन काढणारा अ‍ॅडॅप्टर दिला तर तो नाकारा. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट, ८ पिनच्या सॉकेटकडून कार्ड १५० वॉटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच.

आता घरच्या विजेकडे. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार आपल्याकडे जुन्या वाड्यांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत ऐकू येते, आणि दोष मशीनवर जातो. बहुतेक वेळा दोष घरच्या अर्थिंगमध्ये असतो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीकडे जातात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर सुमारे निम्मा दाब उभा राहतो. करंट अगदी बारीक असतो, पण यूएसबी पोर्ट, हेडफोन आणि कार्ड-मॉनिटरची जोडणी यांना तो त्रास देतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने फेज-अर्थ मोजून घ्या: २३०च्या आसपास आला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टहून जास्त नको. तीन पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं नसतं.

यूपीएस घेताना दुकानदार ६०० व्हीएचा पुढे करतो. तो साधारण ३६० वॉट देतो. वरचे २७० वॉट एसएमपीएसच्या नासाडीसकट भिंतीतून ३२० होतात, त्यात मॉनिटरचे २५ मिळवा. म्हणजे अगदी काठावर. जोरात खेळ चालू असताना वीज गेली की यूपीएस किंचाळतो आणि पीसीसकट बंद. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीवरचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर वीज जाताना पीसी रीस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र पीसी चालवूच नका.

प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी

हे दोन कधीही वेगळे निवडायचे नाहीत. बजेटात तीन वाटा आहेत.

पहिली, एएम४ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा): रायझन ५ ५६००, ६ कोअर, १२ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या पोटातली वेगवान मेमरी), पंखा डब्यातच. बोर्ड बी५५० चिपसेटचा. रॅम डीडीआर४. हे सॉकेट २०१६ पासून चालू आहे आणि आता रस्त्याच्या शेवटाला आहे; पुढे ८ कोअरच्या पलीकडे जायचं कारण क्वचितच पडेल. ५६०० आणि ५५०० या आकड्यांत शंभराचा फरक दिसतो, पण ५५००मध्ये कॅश निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआयई फक्त ३.०. थोड्या पैशांसाठी ५५०० घेऊ नका.

दुसरी, इंटेल: कोअर आय५-१२४००एफ, ६ कोअर, १२ थ्रेड, बोर्ड बी६६० किंवा बी७६०. डीडीआर४चा बोर्ड आणि डीडीआर५चा बोर्ड वेगळा येतो, नाव जवळजवळ सारखंच असतं. चुकीची रॅम खाचेत बसतच नाही, आणि बसवायचा जोर केला तर स्लॉट जातो. एच६१० बोर्ड स्वस्त पडतो, चालतोही, पण रॅमचे दोनच स्लॉट आणि बहुधा एकच एम.२ जागा (पट्टीसारखी एसएसडी बसवायची).

तिसरी, एएम५: रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, बोर्ड बी६५०, रॅम फक्त डीडीआर५. पुढे नवा प्रोसेसर त्याच बोर्डवर बसवायचा असेल तर हीच वाट. एएमडीने या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत सांभाळायचं कबूल केलं आहे. पण रॅम महाग असताना डीडीआर५साठी कार्डाचा दर्जा एक पायरी खाली आणावा लागत असेल तर आज एएम४ घेण्यात काहीच चूक नाही. खेळताना फरक कार्डातून दिसतो, सॉकेटमधून नाही.

नावामागचं ‘एफ’ म्हणजे पोटात ग्राफिक नाही. रायझन ५६००मध्येही नाही. म्हणजे कार्ड बिघडलं, वॉरंटीत गेलं, की महिनाभर पडद्यावर काहीच नाही. ७६००मध्ये छोटं ग्राफिक आहे. खेळायला कुचकामी, पण अशा वेळी पीसी जिवंत राहतो.

आणि कार्डाचे पैसे आत्ता नाहीतच, तर? मग ५६००जी किंवा ८६००जी घ्या, रॅमच्या दोन पट्ट्या लावा (इथे ते सक्तीचं आहे, कारण ग्राफिक त्याच रॅमवर जगतं) आणि व्हॅलोरंट, जीटीए ५ कमी सेटिंगवर खेळा. या वाटेवर ८५००जी टाळा. त्यात पुढच्या कार्डासाठी फक्त ४ लेन मोकळ्या आहेत. म्हणजे ज्या ‘पुढे कार्ड टाकू’च्या आशेवर तो घेतला, तीच अर्धी राहते.

जुन्या बी४५० बोर्डाचा स्टॉक स्वस्तात मिळाला तर बायोसची (बोर्डच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती विचारा. जुन्या बायोसला ५६०० ओळखू येत नाही: पंखे फिरतात, पडदा काळा. दुकानातच अपडेट करून घ्या, किंवा बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, त्यात प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं.

रॅम, एसएसडी, कॅबिनेट

१६ जीबी, ८च्या दोन पट्ट्या. एकच १६ची पट्टी लावली तर प्रोसेसरकडे येणारा रस्ता निम्मा होतो आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळांत अडखळणं ठळक जाणवतं. डीडीआर४ असेल तर ३२००, सीएल१६; एएम५ला ६०००, सीएल३०, आणि ती परवडत नसेल तर सीएल३६. चार स्लॉटच्या बोर्डवर पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. विकत घेतलेला वेग आपोआप मिळत नाही: बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वरच रांगते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं की खरा आकडा दिसतो. वर्षानुवर्षं अशीच चालवणारे लोक आहेत.

एसएसडी एम.२ एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी, वेगवान), १ टीबी (विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल, फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी). पीसीआयई ३.० किंवा ४.०, खेळांत फरक नगण्य. बजेट फारच ताणलं असेल तर ५०० जीबी, पण एकेक मोठा खेळ १०० जीबीच्या वर जातो हे धरून चाला. एम.२च्या जागेत बसणाऱ्या साटा एसएसडीही येतात, दिसायला तशाच, वेग सेकंदाला ५५० एमबी. डब्यावर एनव्हीएमई लिहिलेलं बघा.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांना असते. काचेच्या पेटीला तेव्हा श्वास घ्यायला जागा उरत नाही. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं पुरे. घेण्याआधी कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची जागा मिलिमीटरमध्ये ताडून बघा. जाळीची गाळणी महिन्यातून एकदा झटका. ५६००ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. खेळताना ७५-८० दिसले तर घाबरायचं कारण नाही.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनहून चालत. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. तीन दुकानांतून त्याच मॉडेल नंबरांचं कोटेशन घ्या. ‘हे नाही, पण सेम-टू-सेम आहे’ असं जिथे म्हणतात तिथे एसएमपीएस, रॅम आणि बोर्ड या तीन ओळी पुन्हा वाचा. बदल तिथेच होतो. बिल जीएसटीचं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. बिनबिलाचे वाचलेले १८ टक्के वॉरंटीच्या दारात परत द्यावे लागतात. प्रोसेसर ‘ट्रे’चा स्वस्त पडतो, पण त्याला डबा, पंखा आणि बहुधा कंपनीची वॉरंटी नसते.

ऑनलाइन घेत असाल तर सगळे भाग एकाच आठवड्यात मागवा. सेलमध्ये आज बोर्ड, पुढच्या महिन्यात प्रोसेसर असं केलं तर बोर्ड खराब आहे हे कळेपर्यंत बदलून देण्याची मुदत उलटलेली असते. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून.

जोडताना अडतं ते इथे

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, रॅम, कार्ड आणि एसएमपीएस जोडून आधी चालू करून बघा. बायोस दिसलं की मगच कॅबिनेटमध्ये. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तो वरून सोडायचा नाही, खाचेवर ठेवायचा, आपोआप बसतो. ५६००बरोबरचा पंखा चार स्क्रूंचा असतो, त्यासाठी बोर्डवरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. काढताना मागची लोखंडी प्लेट हाताने धरून ठेवा, नाहीतर ती गळून पडते आणि स्क्रू का लागत नाहीत म्हणून तासभर जातो. पंख्याखाली राखाडी पेस्ट लावलेलीच असते. वर आणखी थापू नका.

पंखे फिरतात पण पडदा काळा? क्रमाने बघा. प्रोसेसरची ४+४ पिनची वायर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लावली का. ही राहून जाणं सगळ्यात सर्रास. कार्डाची वायर. रॅम दोन्ही टोकांना ‘टक’ होईपर्यंत दाबली का. आणि मॉनिटरची केबल कार्डात आहे की बोर्डच्या मागे. बोर्डमध्ये असेल आणि प्रोसेसर एफ किंवा ५६०० असेल तर काही दिसणारच नाही. एएम५ असेल तर पहिल्यांदा थांबा. रॅमची ओळख करून घ्यायला ते कित्येक मिनिटं घेतं, काळा पडदा म्हणून मध्येच वीज तोडू नका.

विंडोज टाकल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ बदला. १४४चा मॉनिटर गुपचूप ६०वर चालत राहतो. व्हॅलोरंटसाठी विंडोज ११वर बायोसमधून टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सेटिंग) चालू लागतं. नाहीतर खेळ उघडत नाही आणि लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात. पैसे वाचवायला लिनक्स टाकायचा विचार असेल तर तिथे व्हॅलोरंट चालत नाही, हे आधीच धरा.

पहिला आठवडा रोज तास-दोन तास जड खेळ चालवा, म्हणजे खराब भाग बदलून मिळण्याच्या मुदतीतच उघडा पडतो. खोकी माळ्यावर टाका, रद्दीत नको. इंटेल किंवा एएम५चा बोर्ड असेल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण त्यातच ठेवा. ते नसेल तर वाकलेल्या पिनांचं कारण देऊन सर्व्हिस सेंटरवाले बोर्ड परत पाठवतात.